मार्ग ज्याचा त्याचा, पण पहिले पाच दिवस डॉक्टरांचे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गटारीच्या बातम्या दरवर्षी न चुकता छापून येतात. मटणाच्या दुकानापुढची रांग, कोंबडीचा भाव, नाक्यावरची तपासणी. त्यानंतरच्या चार दिवसांबद्दल मात्र कुठेच काही वाचायला मिळत नाही. श्रावण पाळायचा म्हणून हजारो माणसे एका रात्रीत दारू बंद करतात. ज्यांचे पिणे अधूनमधूनचे असते त्यांचे काही बिघडत नाही. रोज पिणाऱ्याच्या जिवाला मात्र याच चार दिवसांत धोका असतो, आणि घरच्यांना त्याची कल्पना नसते.

अमावास्येच्या रात्री अकराला शेवटचा ग्लास रिकामा झाला असे धरू. रोज क्वार्टर-दीड क्वार्टर घेणाऱ्याच्या हातांना प्रतिपदेच्या पहाटेच कंप सुटतो, घाम फुटतो, मळमळते, छाती धडधडते. फिट येण्याचा धोका साधारण सहाव्या तासापासून ४८ तासांपर्यंत, म्हणजे द्वितीयेच्या रात्रीपर्यंत असतो. त्यापुढचे दोन दिवस भ्रमाचे. माणूस रात्रभर जागा राहतो, पांघरुणावरचे नसलेले किडे वेचतो, भिंतीवर मुंग्या दाखवतो, दारात कोणी उभे आहे म्हणून ओरडतो, घरच्यांना ओळखत नाही. अंगात ताप भरतो. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. बहुतेकांचा हा घाट नागपंचमीपर्यंत उतरतो, पण तोवर कित्येकांना देवऋषीकडे नेऊन झालेले असते. बाहेरचे काही लागले, देवाचे मोडले, असे समजून घरात उतारा केला जातो आणि दवाखान्याची वेळ टळते.

हे का होते ते समजले की भीती कमी होते. दारू मेंदूला गुंगी आणते. रोजच्या गुंगीतही कामावर उभे राहायचे म्हणून मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की गुंगी जाते, वाढवलेली उत्तेजना मात्र तशीच राहते, आणि ती खाली यायला पाच-सात दिवस लागतात. मनाचा निश्चय कितीही पक्का असला तरी हे शरीराचे गणित त्याने बदलत नाही. दरवर्षी महिनाभर सोडून पोळा झाला की पुन्हा धरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अशी प्रत्येक तोड-जोड पुढच्या खेपेची फिट जवळ आणते. मागच्या श्रावणात नुसते हात थरथरले म्हणून यंदाही तेवढ्यावर निभावेल, असे नाही.

धोका कोणाला, हे ओळखण्यासाठी आधी प्रमाणाचा हिशेब नीट हवा. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, मग ती देशी असो की इंग्लिश. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याच्या तीन बाटल्या म्हणजे दोन क्वार्टरच झाल्या. हातभट्टीचा काहीच अंदाज बांधता येत नाही. तरीही मिलीलिटरपेक्षा एकच प्रश्न जास्त उपयोगी पडतो : सकाळी उतारा म्हणून दारू लागते का? हात स्थिर करायला, दाढी करायला, चहाचा कप धरायला आधी दोन घोट लागत असतील, तर एकदम बंद करू नका. आधी डॉक्टर गाठा. पूर्वी फिट येऊन गेली असेल, भ्रम झाला असेल, कावीळ, पोटात पाणी, हृदयाचा आजार किंवा उतारवय असेल, तर घरी प्रयत्नच नको. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. डॉक्टर भेटेपर्यंत दोन दिवस लागणार असतील, तर तेवढे दोन दिवस थोडी थोडी घेणे हे एकदम तोडण्यापेक्षा सुरक्षित आहे. हे वाक्य लिहिताना जड जाते, पण ते खरे आहे.

डॉक्टर या दिवसांत क्लोरडायाझेपॉक्साइड, डायाझेपाम किंवा यकृत खराब असेल तर लोराझेपाम अशा गोळ्या देतात. त्या दारूची जागा तात्पुरती घेतात आणि पाच ते दहा दिवसांत उतरत्या मात्रेने बंद करायच्या असतात. ओळखीच्या मेडिकलमधून आणून स्वतः घेऊ नका. वर दारू प्यायली तर श्वास मंदावतो, आणि महिनोन्महिने चालू ठेवल्या तर त्यांचेच व्यसन लागते. घरी उपचार चालू असतील तर गोळ्या घरच्या माणसाच्या ताब्यात हव्यात, एका वेळी एका दिवसाच्या. दर चार तासांनी रुग्णाला हात पुढे ताणून बोटे फाकवायला सांगा, कंप वाढतोय का पाहा आणि मनगटावर नाडी मोजा. बसल्या जागी ठोके शंभराच्या वर राहिले तर डॉक्टरांना कळवा. बोलणे असंबद्ध झाले, फिट आली, ताप चढला तर थेट १०८. फिट आल्यावर कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी घाला. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका.

गावाकडची एक सवय इथे फार नुकसान करते. अशक्तपणा आला की सलाईन लावायची. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन, म्हणजे थायमिन, जवळजवळ संपलेले असते. बाटलीवर 'डेक्स्ट्रोज' लिहिलेले असेल, तर ती साखर जाळताना उरलेसुरले बी-वनही खर्ची पडते. मग डोळे फिरतात, चाल लटपटते, माणूस गोंधळतो, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "हे रोज पितात, आधी बी-वनचे इंजेक्शन द्या." पिण्याची गोष्ट लाजेने लपवली तर डॉक्टरांना ती कळायला मार्ग नाही. खायला पेज, मुगाचे वरण, केळी, गूळ-शेंगदाणे, ताक, जे पोटात टिकेल ते थोडे थोडे.

हे पाच-सात दिवस उलटले की पुढचा मार्ग ज्याचा त्याने निवडावा. इथे आम्हाला कोणताही हट्ट मान्य नाही. वारकऱ्यांची माळ घालून दारू सुटलेली माणसे गावोगाव आहेत आणि शिकलेल्यांनी त्याकडे तुच्छतेने पाहू नये. माळेने नेमके काय होते ते बघा. "बसायचं का?" या प्रश्नाला "माळ आहे" एवढे उत्तर पुरते, पुढे कोणी आग्रह करत नाही. संध्याकाळी पिण्याच्या वेळेलाच हरिपाठ आणि भजन असते. सोबतीला न पिणारी माणसे मिळतात. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमध्येही, भाषा वेगळी असली तरी, हेच हाती लागते : संध्याकाळचा तास, सारखे भोगलेली माणसे, आणि "फक्त आजचा दिवस" एवढेच ओझे. फी नाही, नोंद नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा गट वेगळा. ज्याला देव किंवा उच्च शक्ती ही भाषा रुचत नाही त्याने समुपदेशन घ्यावे. ज्याचे घर आणि गल्लीच दारूत बुडालेली आहे त्याने पुण्याच्या मुक्तांगणसारख्या निवासी केंद्रात जावे. १९८६ पासून ते काम चालू आहे. मार्ग निवडताना आमची कसोटी एकच : संध्याकाळी सात ते नऊ तो मला काय देतो? ज्या मार्गाकडे या दोन तासांचे उत्तर नाही, तो आठवड्याच्या पलीकडे टिकत नाही.

त्या दोन तासांचे काही अगदी साधे उपाय. सहाला पोटभर खा, कारण भूक आणि तलफ एकसारखीच वाटते. परमिट रूमवरून जाणारा घरचा रस्ता तीन महिने बदला. पगाराच्या दिवशी खिशात आणि फोनच्या खात्यात कमीत कमी पैसे ठेवा. "एकच घे" म्हणणाऱ्याला काय सांगायचे ते वाक्य आधीच ठरवून, मोठ्याने म्हणून ठेवा. चकण्याची प्लेटही नको, तोंडाला खारे शेंगदाणे लागले की हात ग्लास शोधतो. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ चालायला जा, कोणाला तरी फोन करा. झोप मात्र कित्येक आठवडे नीट लागत नाही. "दारू सोडली आणि झोपच गेली" म्हणून परत फिरणारे खूप असतात. हे अपेक्षित आहे आणि हळूहळू भरून येते.

औषधांनीही तलफ कमी होते. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट त्यासाठी आहेत. पहिल्याला यकृताची, दुसऱ्याला मूत्रपिंडाची तपासणी आधी लागते. डायसल्फिरामचे काम वेगळे. त्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून ते रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते, शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी. गोळी बंद केल्यावरही जवळजवळ दोन आठवडे परिणाम राहतो. द्राक्षासव, अशोकारिष्ट आणि काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असते, तेही टाळावे लागते.

आणि इथेच, महोदय, आपल्या वृत्तपत्राकडे आमची तक्रार आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावर "पेशंटला न कळता दारू सोडवा" अशी ओळ पुन्हा पुन्हा दिसते. जाहिरातीतल्या औषधाच्या पुडीत काय आहे हे घेणाऱ्या बाईला कळत नाही. त्यात डायसल्फिराम असेल आणि हृदयविकार असलेला नवरा त्यावर प्यायला, तर आमटीत पुडी मिसळणारी ती बायको आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील. पुडीत काहीच नसेल, तर तिचे पैसे गेलेच, शिवाय वर्ष वाया गेले. न कळता दारू सुटत नाही. या जाहिराती घेणे कृपया बंद करा.

दुसरी विनंती लहान आहे. आषाढ अमावास्येच्या आधीचा आठवडाभर, रोजच्या पंचांगाच्या चौकटीखाली तीन ओळी छापा : रोज पिणाऱ्यांनी एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातील कार्यकर्ते, सातारा जिल्हा