तुमच्या संपाची गोष्ट वेगळी होती, बाबा

कोल्हापूर,
रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "दवाखान्यात काम करणाऱ्यानं संप करायचा नसतो, विषय संपला." आणि फोन आईच्या हातात दिलात. आईनं नेहमीप्रमाणं जेवलीस का विचारलं. मी वाद घातला नाही. रात्रपाळी करून आले होते, आणि तुमचा आवाज चढला की बीपीही चढतं हे मला ठाऊक आहे. पण विषय काही संपला नाही. आमच्या नर्सेसच्या संघटनेत परत संपाची भाषा सुरू झालीय, आणि बैठकीत मी काय बोलायचं ते ठरवताना सारखं तुमचंच वाक्य आडवं येतंय.

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं. पण १४ डिसेंबर १९७७ ला संपावर गेलेला माणूस हे म्हणतोय! नोकरीला लागून तुम्हाला वर्षही झालं नव्हतं. केंद्राइतका महागाई भत्ता पाहिजे म्हणून अख्ख्या राज्यातले सरकारी कर्मचारी, झेडपीवाले, शिक्षक ५४ दिवस बाहेर होते. मुख्यमंत्री वसंतदादा, म्हणजे शेजारच्या सांगलीचेच. त्या दोन महिन्यांत आजीनं घरात चहापुरतंही दूध न ठेवता सगळं डेअरीला घातलं. हे मला आजीनं सांगितलं, तुम्ही सांगायचात ते फक्त मोर्चांचं. मी त्या गोष्टींवर वाढले. आणि आपलं कोल्हापूर तरी काय कमी आहे? टोल घालवायला हेच लोक रस्त्यावर होते, हायकोर्टाच्या खंडपीठासाठी वकील कितीतरी वर्षं भांडले, अधूनमधून कोर्टाचं काम बंद ठेवलं, तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच आलं.

तुम्हाला राग कशाचा आहे ते मला कळतं. मार्च २०२३ मध्ये आम्ही "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत बाहेर पडलो. तुम्हाला ती पेन्शन मिळते. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागले म्हणून मला मिळणार नाही. १४ ते २० मार्च, आठवडाभर चालला तो संप. त्यात आपल्या वरच्या आळीतले काका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी गारगोटीहून पहिल्या एसटीनं उपाशीपोटी आले आणि तारीख पुढं गेली म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मग तुमच्याच कट्ट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, तुमची पोरगी पण होती की घोषणा द्यायला." (तुम्ही क्लार्क होतात तरी ते तुम्हाला मास्तर का म्हणतात, हे मला अजून कळलेलं नाही.) तुम्हाला ते लागलं. मलाही लागलं, बाबा. कारण ज्यांच्या गाठीला पैसे होते ते त्याच आठवड्यात राजारामपुरीत खासगीत जाऊन ऑपरेशन करून आले. ताटकळले ते काकांसारखे. मंत्री आमच्या वॉर्डात ॲडमिट होत नाहीत, त्यामुळं वॉर्ड बंद पडल्याची झळ त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ गरिबानं सोसायचा असतो.

तुमच्या टेबलावरची फाईल ५४ दिवस थांबली. कुणाचं विहिरीचं अनुदान लांबलं असेल, कुणाचं पगारबिल अडलं असेल. पण फाईल गुदमरत नाही. इथवर मी तुमच्या बाजूची आहे. पण यावरून "करायचाच नसतो" हे कसं निघतं?

तुम्ही डॉक्टर, नर्स, आशाताई सगळ्यांना एका दावणीला बांधता. आमचे संप वेगवेगळे असतात. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका डॉक्टरला नातेवाइकांनी बेदम मारलं, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं, तेव्हा देशभर कामबंद झालं; डॉक्टरांच्या आयएमए या संघटनेनं १७ ऑगस्टच्या सकाळी सहापासून २४ तास तातडीचे सोडून बाकी पेशंट बघितले नाहीत. अशा वेळी मोठ्या रुग्णालयात काय होतं? प्राध्यापक मंडळी ओपीडीत बसतात, ठरवून करायची ऑपरेशनं पुढं ढकलतात, कॅज्युअल्टी आणि आयसीयू चालू राहतं. म्हणजे वरची फळी खाली उतरते. १९७६ ते २००३ या काळात जगात झालेल्या काही डॉक्टर-संपांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला होता. त्या दिवसांत मृत्यू वाढले नाहीत, काही ठिकाणी तर कमी झाले. यावर लोक चेष्टा करतात, की डॉक्टर घरी बसले की माणसं जगतात. खरं कारण साधं आहे: जोखमीची पण थांबवता येणारी ऑपरेशनं थांबली होती, आणि तातडीचं कुणीतरी बघत होतं.

आता आमचं ऐका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९८४ ते २००४ या वीस वर्षांतले नर्सेसचे संप अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. संपाच्या काळात भरती झालेल्या रुग्णांमधले मृत्यू जवळपास १८-१९ टक्क्यांनी जास्त निघाले. आणि ज्या रुग्णालयांनी बदली नर्सेस आणल्या, तिथंही मृत्यू कमी झाले नाहीत! आमच्या इन्चार्ज सिस्टरना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्याला अभ्यास कशाला पाहिजे गं?"

खरंच नको. रात्री चाळीस खाटांना आम्ही दोघी असतो. परिचर्या परिषदेच्या निकषानं साध्या वॉर्डात पाच पेशंटमागं एक नर्स पाहिजे, आयसीयूत एकाला एक. ते कागदावर. आम्ही सलाईन लावतो, इंजेक्शनं देतो, ते तर कुणीही शिकलेलं करील. पण पहाटे तीनला पाच नंबरचे आजोबा बडबडायला लागतात, आणि काल ते असं बडबडत नव्हते एवढं फक्त मला माहीत असतं. कारण कालही मीच होते, आणि परवाच्या ड्युटीवालीनं हॅन्डओव्हर देताना "जरा गप्प गप्प असतात" असं सांगितलेलं असतं. मग मी ऑक्सिजन बघते, साखर तपासते, निवासी डॉक्टरांना झोपेतून उठवते. बाहेरून आणलेल्या नर्सला आजोबा बडबडे वाटतील, बस्स. आमच्या जागी उतरायला वरची फळी नाही. मेट्रन मॅडम एकट्या किती वॉर्ड धरणार?

म्हणजे बघा, आमच्या संपात जेवढा जोर आहे तेवढा कुणाच्याच नाही, आणि म्हणूनच तो आम्हाला वापरता येत नाही. सरकारला हे चांगलं माहीत आहे. रिकाम्या जागा रिकाम्याच राहतात, कराराच्या पोरी घेऊन गाडा ओढला जातो, कारण सिस्टर काही पेशंट टाकून जाणार नाही याची सगळ्यांना खात्री आहे. १२ मेला परिचारिका दिनी गुलाबाचं एकेक फूल मिळतं. तुमच्या गल्लीतल्या आशाताईंची तऱ्हा तर याहून वाईट. कागदावर त्या कर्मचारीच नाहीत, स्वयंसेविका. पगार नाही, मानधन. २०२४ च्या सुरुवातीला त्या कित्येक आठवडे संपावर बसल्या तेव्हा कुठं मानधनवाढीचं गाडं हललं. न बसता मिळालं असतं असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?

कायद्याचं म्हणाल तर तो तुमच्या बाजूचा आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जखमी माणसाला आधी उपचार, बाकी सगळं नंतर. सरकारी असो की खासगी, कुठल्याच डॉक्टरला ते टाळता येत नाही. २००३ मध्ये तामिळनाडूच्या खटल्यात तर सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्कच नाही असं म्हटलं. वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा, आहेच. पण २०१० चा दुसराही कायदा आहे ना, दवाखान्यात मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तो झाल्यावर सात वर्षांनी धुळ्याचं प्रकरण झालं. पेशंट गेला की नातेवाइकांच्या समोर पहिली उभी असते ती आम्हीच, डॉक्टर आत असतात. आम्हाला बाहेर पडायला बंदी करणारा कायदा लगेच लागू होतो, आणि आम्हाला आत सुरक्षित ठेवणारा भिंतीवर बोर्ड बनून टांगलेला असतो.

तुम्ही युनियनमध्ये होतात, आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, तुम्हाला सांगायला नको. त्यांनीही रुग्णालयं अत्यावश्यक सेवेत धरलीत, तिथं संपावर बंधन घालता येतं असं मानलंय. पण पुढची अटही घातलीय: हक्क काढून घेतलात तर त्या बदल्यात तटस्थ आणि झटपट निवाडा करणारी यंत्रणा द्या. आपल्याकडं पहिला अर्धा भाग तेवढा उचलला. बैठका होतात, "सकारात्मक" चर्चा होते, मागणी पुढच्या अधिवेशनात जाते.

सगळे संप मला पटतात असं नाही. होमिओपॅथीवाल्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलमध्ये नको म्हणून १८ सप्टेंबर २०२५ ला राज्यातल्या डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही, पण तो भांडायचा विषय मंत्रालयात आणि कोर्टात. पेशंटला त्यात का ओढायचं? आणि तुम्हाला नवल वाटेल, पण पेन्शनसाठी वॉर्ड सोडणंही मला आता जड जातं. पेन्शन माझी आहे. रात्रीच्या चाळीस खाटांना दोन नर्स, हे मात्र पेशंटचंही भांडण आहे. त्यासाठी एक दिवस बाहेर बसले तर काकांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता येईल. कॅज्युअल्टी, आयसीयू, बाळंतपण, डायलिसिस, लहान बाळांचा विभाग, इथली एकही सिस्टर हलणार नाही, ड्युटीची यादी आठवडाभर आधी लिहून देणार, एवढं झाल्याशिवाय माझा हात वर जाणार नाही.

बैठकीत मी आणखी एक मांडणार आहे. आधी पेशंट सोडून बाकी सगळं बंद करू. ऑनलाइन माहिती भरणं, डझनभर रजिस्टरं, पाहणी दौऱ्याआधीची रंगरंगोटी आणि चादरी बदलणं, सभा, ट्रेनिंग, फोटो. नर्सनं फक्त नर्सचं काम करायचं. आर. जी. करच्या वेळी दिल्लीत एम्सच्या निवासी डॉक्टरांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या निर्माण भवनासमोर रस्त्यावर ओपीडी चालवायचं ठरवलं होतं, तसं आम्ही सुट्टीच्या दिवशी नागाळा पार्कात कलेक्टर ऑफिससमोर टेबलं टाकून लोकांचं बीपी आणि शुगर तपासू. एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "रजिस्टर बंद केल्यावर मंत्रालय हलतंय व्हय?" तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नाही. कदाचित नाहीच हलणार. कोलकात्यानंतर सुप्रीम कोर्टानं डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी कृती दल नेमलं ते कामबंद झाल्यावरच, आधी नाही, हेही तिनं ऐकवलं. पण आकडे भरले गेले नाहीत की वरून फोन यायला लागतात, एवढा अनुभव मला आहे. पेशंट थांबला तर तसे फोन येत नाहीत.

आता कामाचं. बुधवारी बैठक आहे. प्रशासनाला द्यायच्या पत्राचा मसुदा मला जमत नाही, फार चिडका होतो. तुम्ही झेडपीत आयुष्यभर पत्रं लिहिलीत. मागण्या तीनच ठेवायच्या: खाटांच्या प्रमाणात नर्स, रात्री प्रत्येक मजल्यावर रक्षक, आणि उत्तराची लेखी तारीख. सोबत चालू राहणाऱ्या विभागांची यादी. तुम्हाला संप पटत नसेल तरी ही यादी तुम्हीच करा, म्हणजे तुमच्या मते काय बंद ठेवणं पाप आहे ते मला कळेल. लिहून झालं की धाकट्याकरवी फोटो काढून पाठवा.

आई, साखरेची गोळी जेवणाआधी आहे, जेवणानंतर नाही. पाकिटावर मी पेनानं लिहून दिलंय. पायाला मुंग्या येतात म्हणालीस ते बाबांना सांगितलंस का? शनिवारची सुट्टी मिळाली तर सकाळच्या गाडीनं येते. काकांना भेटायचंय, त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ड्युटीवर नव्हते.

तुमची,
ताई