जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड नूडसन यांच्यावर अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. लहान मुलांच्या कर्करोगाच्या जनुकशास्त्राला आपल्याकडे इतकी जागा सहसा मिळत नाही. पुरस्कारांची यादीही बिनचूक आहे: १९९८ चा लास्कर, २००४ चा क्योटो. जे उतरवून घेता येतं ते सगळं बरोबर आलंय. जे समजून घ्यावं लागतं तिथे गाडी रुळावरून घसरली.

मथळाच बघा. ‘डोळ्याच्या कर्करोगाचे जनुक शोधणारा शास्त्रज्ञ’. जनुक नूडसन यांनी शोधलं नाही. ते १९८६ मध्ये फ्रेंड, ड्रायजा आणि वाइनबर्ग यांच्या गटाने शोधून काढलं. नूडसन यांचा शोधनिबंध १९७१ चा, म्हणजे पंधरा वर्षं आधीचा, आणि त्यात ना परीक्षानळी आहे ना सूक्ष्मदर्शक. तुमच्या चित्रकाराने मात्र त्यांच्या हातात दोन्ही दिलीत. हा माणूस मुळात बालरोगतज्ज्ञ, नंतर कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठातून जनुकशास्त्राची पीएचडी घेतलेला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या रेटिनोब्लास्टोमाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाच्या, ४८ मुलांच्या जुन्या नोंदी त्याने समोर घेतल्या. २३ मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी, २५ मुलांच्या एकाच डोळ्यात. त्या मांडायला नागपुरात बर्डीवर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तसला सेमी-लॉग कागद (एका अक्षावर लॉगची मापं असलेला आलेखाचा कागद) पुरे.

आडव्या अक्षावर वय, महिन्यांत. उभ्या अक्षावर त्या वयापर्यंत निदान न झालेल्या मुलांचं प्रमाण, लॉगमध्ये. दोन्ही डोळ्यांवाल्या मुलांचे ठिपके सरळ रेषेत खाली उतरले. एका डोळ्यावाल्यांचे ठिपके आधी वर रेंगाळले, मग वाकून खाली आले. सरळ रेषेचा अर्थ, फक्त एक घटना घडायची बाकी होती आणि ती कधीही घडू शकत होती. वाकलेल्या रेषेचा अर्थ, एकापाठोपाठ एक अशा दोन घटना घडाव्या लागल्या. म्हणजे गाठ व्हायला घाव, म्हणजे जनुकातले बिघाड, दोनच लागतात. पहिल्या गटातली मुलं एक घाव प्रत्येक पेशीत घेऊनच जन्मतात, दुसऱ्या गटातल्या बहुतेक मुलांत दोन्ही घाव जन्मानंतर किंवा गर्भात दृष्टिपटलाच्या एखाद्याच पेशीवर पडतात. पहिल्या गटात सरासरी तीन गाठी निघतात, हा हिशेबही त्याच निबंधात आहे. सरासरी तीन असेल तर पॉयसाँच्या संभाव्यतेच्या गणिताने शंभरातल्या पाचेक मुलांत एकही गाठ येत नाही. सदोष जनुक अंगात असूनही डोळे धडधाकट राहिलेला काका किंवा आजोबा घराण्यात का सापडतो, ते या पाच टक्क्यांनी कळतं. दुसरा घाव त्याच जनुकाच्या दुसऱ्या प्रतीवर पडतो हे गाठीतल्या डीएनएवरून १९८३ मध्ये कॅव्हनी यांच्या गटाने दाखवलं. तुमच्या लेखात या सगळ्याला एक ओळ मिळाली, पुरस्कारांना चौदा.

तेही चाललं असतं. पण तिसऱ्या स्तंभातलं एक वाक्य चालणार नाही: ‘हा कर्करोग आनुवंशिक असून आईवडिलांकडून मुलांकडे येतो.’ नूडसन यांनी जे वेगळं करून दाखवलं, तेच तुम्ही एका वाक्यात पुन्हा कालवून टाकलंत. जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द मराठीत सुदैवाने वेगळे आहेत, आणि तुमच्या वार्ताहराने ते एकाच अर्थाने वापरलेत. कर्करोग जनुकीय असतोच, कारण बिघाड पेशीच्या जनुकांत होतो. आनुवंशिक तो तेव्हाच, जेव्हा तो बिघाड बीजात, म्हणजे शुक्रपेशीत किंवा अंडपेशीत, असतो आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतो. रेटिनोब्लास्टोमाच्या साधारण ४० टक्के मुलांत बिघाड बीजातला असतो. दोन्ही डोळ्यांवाल्या सगळ्या मुलांत असतो, एका डोळ्यावाल्या सुमारे १५ टक्के मुलांत असतो. आणि बीजातला असला तरी तो आईवडिलांच्या अंगात होता असं नाही. घराण्यात आधी कोणाला हा आजार झाला होता असं सगळ्या रुग्णांपैकी जेमतेम दहा टक्क्यांत सापडतं. बीजात बिघाड असलेल्या बाकीच्या बहुतेक मुलांत तो त्या एका गर्भधारणेपुरता नव्याने झालेला असतो.

या शब्दच्छलाचं काय मोल ते नागपुरातल्या कुठल्याही बालकर्करोग वॉर्डाबाहेरच्या बाकावर ऐकून यावं. गोंदिया, गडचिरोली, बालाघाटकडून आलेली माणसं, आणि सासू मोठ्याने सांगत असते, ‘आमच्या घरी असं कोणालेच नाही, हे तिच्या माहेरूनच आलं बाप्पा.’ नाहीतर ग्रहणात भाजी चिरली होती हे निघतं. सून खाली मान घालून बसलेली. आता जनुकशास्त्र काय म्हणतं? या जनुकातले नवे बिघाड बहुतेक वेळा बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर सापडतात. शुक्रपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात आणि प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल करताना चूक व्हायला वाव असतो. म्हणून बापाला धारेवर धरा असं नाही, तो निव्वळ योगायोग आहे. पण तुमचं ‘आनुवंशिक’ त्या बाकावर कोणाच्या बाजूने वाचलं जाईल हे सांगायला नको.

लेखाखालच्या चौकटीतला सल्ला, ‘पालकांनी मुलाची जनुकीय चाचणी करून घ्यावी’, हा तर ‘गाडी चालवावी’ म्हणण्यासारखा आहे. कुठली, कशी? मूल दोन्ही डोळ्यांवालं असेल तर रक्तापासून सुरुवात. दोन-तीन मिलिलिटर पुरतं, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची, नाहीतर गुठळी होते आणि नमुना बाद. हिरव्या टोपणाची हेपरिनची ट्यूब गुणसूत्रं बघायची असतील तेव्हाच, कारण तिथे पेशी जिवंत लागतात. डीएनए तपासणीला ती दिली तर हेपरिन पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) आडवं येतं. ट्यूब बर्फाला टेकवून पाठवायची नाही, लाल पेशी फुटतात. आणि पाकिटावर ‘रूम टेम्परेचर’ लिहिलं म्हणून मे महिन्यात कुरिअरवाल्याच्या डिकीत दुपारभर ठेवायची नाही. ते तापमान ज्या खोलीचं धरलंय ती खोली नागपुरातली नसते. थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक ठेवायचा, मध्ये कापडाची घडी.

एका डोळ्यात गाठ असेल तर क्रम उलटा: आधी गाठ तपासायची, तिच्यातले दोन्ही घाव शोधायचे, मग त्यातला एखादा रक्तात आहे का ते पाहायचं. आणि इथेच घोटाळा होतो. डोळा काढावा लागला की तो थिएटरमधून थेट फॉर्मालिनच्या (अवयव टिकवायच्या द्रावणाच्या) बाटलीत पडतो. एका रुग्णालयात, नाव लिहीत नाही, गाठीच्या तपासणीचा विषय निघाला तो डोळा तीन दिवस फॉर्मालिनमध्ये राहिल्यावर. फॉर्मालिन डीएनए तोडतं आणि एकमेकांत गुंतवतं. त्यातून जे निघतं त्यावर मोठा तुकडा गळालेला ओळखणं अवघड, आणि या जनुकात मोठे तुकडे गळणं काही दुर्मीळ नाही. करायचं इतकंच: डोळा फोडण्याआधी दृष्टीच्या मज्जातंतूचं कापलेलं टोक वेगळं काढायचं, म्हणजे गाठीच्या पेशी त्याला लागून गाठ मज्जातंतूत पसरल्याचा खोटा रिपोर्ट येत नाही. मग छोटी खिडकी पाडून गाठीचा ताजा तुकडा घ्यायचा. फॉर्मालिन त्यानंतर. पाच मिनिटांचं काम, पण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणीतरी सर्जनशी आणि पॅथॉलॉजीशी बोललेलं लागतं.

हे सगळं धाकट्या भावंडासाठी. रक्तात तो घाव नेमका सापडला आणि भावंडाच्या रक्तात तो नसला, तर दर काही आठवड्यांनी भूल देऊन डोळे तपासण्यातून ते बाळ सुटतं. असला, तर गाठ राईएवढी असतानाच लेसरने जाळता येते. आणि ज्या मुलाच्या बीजात बिघाड आहे त्याला बाहेरून किरणोपचार शक्यतो टाळतात, कारण पुढे हाडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. चौकटीत हे एवढं मावलं असतं. तिथे तुम्ही गाजर खाण्याचे फायदे छापलेत.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया त्याच पुरवणीत, त्याच जागी छापा. पान दोनच्या तळाला, राशिभविष्याखाली नको.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या मागे पानभर पसरलेला तो निळा डीएनए डावीकडे पिळलेला आहे. आपल्या पेशींतला डीएनए उजवा असतो. मिस्त्रीकडचा साधा स्क्रू उभा धरून बघा, समोरचे आटे डावीकडून उजवीकडे वर चढतात, तसा. डावखुरा झेड-डीएनए असतो हे मान्य, पण चित्रकाराच्या मनात तो असेल असं वाटत नाही. दोन वर्षांत हेच चित्र मी तुमच्याकडे चौथ्यांदा पाहतोय. पाचव्यांदा छापाल तेव्हा निदान आरशात धरून छापा.

आपला,
एक जुना वाचक,
धरमपेठ, नागपूर