४०० वॅटच्या लिनियरमधून १७० वॅट, आणि त्यावर तुमचा फ्यूज

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दोन ८११ए व्हॉल्व्हच्या (रेडिओ ट्यूबच्या) एचएफ (शॉर्टवेव्ह) लिनियरची, म्हणजे हॅम रेडिओची पॉवर वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरची, पॉवर निम्म्याहून कमी, वॉरंटीत व्हॉल्व्ह बदलून मिळणेबाबत

महोदय,

आत्ताच तुमच्या सर्व्हिस सेंटरशी बोलणं संपलं. म्हणजे मी बोलत होतो, त्यांनी फोन ठेवला. यापुढे फोन नाही, जे काय ते लेखी.

लिनियर तुम्हीच बनवता, त्यामुळे ८११ए म्हणजे काय हे तुम्हाला समजावत बसत नाही. माहितीपत्रकात ४०० वॅट छापलंय. जनरल ग्रेडच्या हॅम लायसन्सला आपल्याकडे मर्यादाही तेवढीच, म्हणून हेच मॉडेल घेतलं. मिळतात १७०. तेही ८०, ४० आणि २० मीटर, तिन्ही बँडवर सारखेच, तेव्हा बँडस्विचचा एखादा कॉन्टॅक्ट जळला असेल वगैरे सांगू नका. लिनियर बायपासला टाकला की रिगची (ट्रान्समीटरची) सगळी पॉवर वॉटमीटरवर दिसते, म्हणजे रिलेही ठीक. एएलसीची, म्हणजे रिगची पॉवर आपोआप आवरणारी, वायर काढून पाहिली, फरक शून्य. एचटी (व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारा उच्च दाब) १५०० व्होल्टच्या वर आहे आणि ट्रान्समिटची की दाबल्यावर थोडीच उतरते, म्हणजे डायोड आणि फिल्टर कपॅसिटरही शाबूत. प्लेट करंट मात्र जेवढा हवा त्याच्या जेमतेम निम्मा. ट्यून आणि लोडचे नॉब कितीही फिरवा.

दोष कुठे आहे तेही मी शोधून ठेवलंय, जे खरं तर तुमचं काम. खोलीतला दिवा घालवून जाळीतून आत पाहिलं. की दाबली की उजव्या व्हॉल्व्हची प्लेट लालसर व्हायला लागते, डावी काळीच्या काळी. लिनियर बंद केला, प्लग उपसला, कपॅसिटर रिकामे होऊ दिले आणि डावा व्हॉल्व्ह काढूनच टाकला. ड्राइव्ह (रिगकडून आत येणारी पॉवर) कमी करून पुन्हा पाहिलं, तर वॉटमीटरच्या काट्याला पत्ताच नाही की एक गडी कमी झालाय. मग दोघांची अदलाबदल केली. जो मेलेला तो दुसऱ्या सॉकेटमध्येही मेलेलाच. एचटीची प्रायमरी सोडवून सॉकेटवर फिलामेंट मोजलं : ६.२ व्होल्ट, ६.३ हवेत, तक्रार नाही. म्हणजे सॉकेट नाही, फिलामेंटचा पुरवठा नाही, व्हॉल्व्हच गेलाय.

हे सगळं मी तुमच्या माणसाला क्रमाने सांगितलं. आता पुढचं शब्दशः देतो, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीलाच एक बाई सांगतात.

"सर, अँटेना चेक करा."

"अँटेना लावलेलाच नाही. पन्नास ओहमच्या डमी लोडवर मोजतोय."

कीबोर्डची टकटक. मग एकदम विजयी स्वरात, "सर, मग तेच कारण आहे. अँटेनाच नाही तर पॉवर कशी येणार?"

मी म्हटलं, अहो, डमी लोड कशाला लावतात ते माहीत आहे ना? अँटेनाच्या जागी पॉवर पचवणारा रेझिस्टर तो, अँटेनाची शंकाच राहू नये म्हणून.

"सर, डमी नका ना वापरू. ओरिजिनल वापरा."

मी काही क्षण गप्प बसलो. त्यांना वाटलं पटलं. तिकीट बंद! ईमेलवर शेरा आला : ग्राहक ओरिजिनल अॅक्सेसरी वापरत नाही, वॉरंटी लागू नाही. महोदय, माझ्या डमी लोडला तुम्ही नकली माल ठरवलंत, आणि त्यावर माझी वॉरंटी उडवलीत.

वरच्या साहेबांकडे गेलो तर त्यांचा प्रश्न, "आत पेटतंय का? पेटतंय ना, मग ट्यूब चांगली आहे." थोरिएटेड टंगस्टनचं फिलामेंट छान उजळतं आणि इमिशन, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन सुटणं, मात्र गेलेलं असतं, ही गोष्ट लिनियर विकणाऱ्या कंपनीला ग्राहकाने कोथरूडमधून सांगायची? याच साहेबांनी पुढे सुचवलं की झाकण काढा, सेफ्टी स्विच बोटाने दाबून धरा आणि चालू करून बघा आत ठिणगी पडते का. १५०० व्होल्ट डीसी. हे वाक्य तुमच्या वकिलांना अवश्य दाखवा.

त्यानंतर कुरिअरने काय यावं? फ्यूज. एक काचेचा फ्यूज, बबल रॅपमध्ये. फ्यूज उडाला असता तर १७० वॅट तरी कुठून आले असते?

व्हॉल्व्ह बाहेरून घेऊन मोकळा झालो असतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारूनही पाहिलं. एका दुकानदाराने "काका, व्हॉल्व्ह आता कुठे?" म्हणत चहा पाजला. त्याने निदान नाही म्हणून सांगितलं. अँटेना चेक करा म्हणाला नाही.

वाईट याचं वाटतं की तुमचा अँटेना ट्यूनर माझ्याकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतोय. माझ्या शब्दावर इथल्या हॅम मंडळींनी तो घेतलाय, आणि आता लिनियरचं विचारतायत. डमी लोडवरचा तुमचा शेरा मी त्यांना वाचून दाखवला. हसू आवरेपर्यंत आमच्या रेडिओवरच्या नेटवर (गप्पांच्या बैठकीत) बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आता मागणी. दोन्ही व्हॉल्व्ह बदलून द्या, मॅच केलेली जोडी. एकच नवा पाठवून जुन्याशी त्याचा संसार लावू नका, भार पुन्हा एकावरच पडेल. डमी लोडबद्दलचा शेरा लेखी मागे घ्या. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. २०१९ च्या कायद्यानुसार ती ग्राहक राहतो तिथेच करता येते, म्हणजे तारखांना पुण्यात तुम्ही यायचं. येताना व्हॉल्व्ह ओळखणारा एखादा माणूस बरोबर आणा, असलाच तर.

एक वैतागलेला ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत : बिलाची प्रत, मोजमापांचा तक्ता, दोन्ही प्लेटचे अंधारातले फोटो आणि आपला फ्यूज.