पांडा वाचला, बाकीच्यांचं काय?

संपादक साहेब, पांडा म्हटलं की गोंडस व्हिडिओंवरच गाडी थांबते म्हणून लिहितोय. हा अस्वलाच्याच कुळातला, पोट मांसाहारी प्राण्याचं आणि खायचा मात्र बांबू, तो नीट पचत नाही म्हणून दिवसाचे दहाबारा तास नुसतं चघळत बसायचं, मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय त्याने काडी धरायची. पिल्लू जन्मतः जेमतेम शंभरेक ग्रॅमचं, साबणाच्या वडीएवढं!

२०१६ ला आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने त्याला 'संकटग्रस्त'मधून 'असुरक्षित'मध्ये, म्हणजे एक पायरी कमी धोक्याच्या गटात आणलं, चांगलंच झालं. माझ्या मते याचं बरंचसं श्रेय १९९८ नंतरच्या जंगलतोडबंदीला, झूमधल्या पैदाशीला नाही. पण चीनमध्ये पांडासाठी राखलेल्या त्याच जंगलांबद्दल २०२० चा एक अभ्यास आलाय, १९६० च्या दशकापासून ८१ टक्के राखीव क्षेत्रांतून बिबट्या गेला आणि ९५ टक्क्यांतून कोळसून, त्यावर कोण बोलतं? कोळसून म्हणजे आपल्या ताडोबात कळपाने शिकार करतो तोच रानकुत्रा, त्याचं सॉफ्ट टॉय काही दुकानात दिसत नाही. रविवारच्या पुरवणीत त्याच्यावरही एखादा लेख येऊ द्या की.

– एक वाचक, चंद्रपूर