हँडल थरथरतं तेव्हा : मित्रास पत्र

प्रिय अन्या,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. उतारावर हँडल अचानक थरथरायला लागलं, घट्ट धरलंस तसं जास्तच हलायला लागलं, आणि तू कसाबसा थांबलास. पडला नाहीस हे वाचून जीव भांड्यात पडला. पण ‘मला सायकल चालवताच येत नाही’ हे जे शेवटी लिहिलंयस, ते मला मुळीच मान्य नाही. वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्यांनाही हे होतं.

फ्रेम आपल्याला ताठ वाटते, पण ती थोडी पिळली जाते. एका ठरावीक वेगाला पुढचं चाक डावी-उजवीकडे डुलायला लागतं, पिळलेली फ्रेम त्याला उलट ढकलते, आणि झोपाळ्याला दर खेपेला नेमक्या क्षणी झोका मिळावा तसं ते वाढत जातं. सेकंदाला साधारण 4 ते 10 वेळा! तू हँडल सावरेपर्यंत ते दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं. म्हणून हातांनी झुंजायचंच नाही. (व्हिपल नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने 1899 मध्ये सायकलच्या तोलाची समीकरणं मांडली, तेव्हा फ्रेम अजिबात न वाकणारी धरली होती. ही थरथर समजून घ्यायला मात्र फ्रेम आणि टायर लवतात हे धरावंच लागतं. मला हे फार आवडतं.)

खरं काम गुडघ्यांचं. पॅडल मारणं थांबव, दोन्ही पॅडल एका पातळीत आण आणि गुडघ्यांनी वरची दांडी आवळ. एक गुडघा टेकला तरी पुष्कळ फरक पडतो, कारण पाय तो कंप शोषून घेतात. सीटवरून किंचित उठ, भार पॅडलवर घे. हँडल सोडू नकोस, पण कोपरं सैल राहू देत. मग ब्रेक हळूहळू दाब, आधी मागचा. पुढचा एकदम कचकन दाबायचा नाही. वेग थोडा उतरला की बहुतेक वेळा थरथर आपोआप विरते.

हे आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात करून बघ. घाबरल्यावर माणूस हातच आवळतो, त्यामुळे गुडघ्यांना ही सवय आधीच लागायला हवी. आणि थंडीने अंग कुडकुडत असेल तर उतार जरा सबुरीने घे. थरथर सुरू व्हायला तेवढं निमित्तही पुरतं.

आता सायकल. पुढचा ब्रेक दाबून ती पुढे-मागे हलव, हेडसेटपाशी (म्हणजे हँडलची दांडी फ्रेममध्ये जिथे फिरते, तिथल्या बेअरिंगपाशी) बोट ठेव. खटखट लागली तर तो ढिला आहे. पुढचं चाक आडवं हलवून हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, खेळ आहे का बघ, चाक आउट, म्हणजे वाकडं, नाही ना, टायर रिमवर सगळीकडे सारखा बसलाय ना, तेही बघ. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, तडा दिसला तर मात्र सायकलवर बसूच नकोस, आधी फोर्क बदल.

सगळं ठीक निघूनही थरथर होऊ शकते. तू ताडमाड उंच, त्यामुळे तुझी फ्रेमही मोठी, आणि लांब नळ्या जास्त पिळतात. त्यात हँडलला ती जड बॅग! माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. ती काढून तोच उतार कमी वेगात उतर आणि काय फरक पडला ते सविस्तर लिही. हेडसेट ढिला निघाला तर तेही कळव.

तुझा,
विन्या