शिंगराचा वाढदिवस

अमळनेर तालुका,
आषाढातला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कामाचं आहे, आणि काम मोठं आहे. मला तुझ्याकडून एका पुस्तकाची चित्रं हवी आहेत. नाही म्हणू नकोस. निदान शेवटपर्यंत वाच.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वाचनाच्या पेटीत मला एक चित्रांचं पुस्तक सापडलं. अस्वलाचा वाढदिवस असतो. हत्ती, जिराफ, माकड, ससा असे सगळे दोस्त येतात, फुगे लावतात, तीन मजली केक कापतात. दुसरीच्या पोरांना गोल बसवून मी ते वाचून दाखवलं. पुस्तक चांगलंच आहे. हत्ती दारात मावत नाही त्या पानावर पोरं इतकी हसली की शेजारचा वर्ग खिडकीत येऊन उभा राहिला. वाचून झाल्यावर मागच्या ओळीतली एक मुलगी उठली. एरवी ती वर्गात बोलत नाही. म्हणाली, "सर, अस्वलले कोनी सांगं, त्याना वाढदिवस कव्हय शे?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर तो प्रश्न डोक्यात होता. आपल्याला तरी कोणी सांगितला? तुझ्या दाखल्यावर १ जून, माझ्याही दाखल्यावर १ जून. डी.एड.च्या हजेरीपटात निम्म्या वर्गाची तीच तारीख होती, आठवतं? पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता येत नसे. मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरत आणि शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं १ जून लिहून मोकळे होत. म्हणून तर ३१ मे आला की सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून निरोपसमारंभांची रांग लागते. आताच्या पोरांकडे जन्माचे दाखले आहेत, पण त्यांच्या आजी-आजोबांचा वाढदिवस विचारशील तर तोच १ जून.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना अभ्यास दिला. घरी आईला विचारायचं, आपण झालो तेव्हा काय चाललं होतं? तारीख आणायची नाही. काय काय घेऊन आली म्हणून सांगू! एकाच्या वेळी बोरीला पूर होता आणि सुईण पलीकडच्या काठावर अडकली होती. एकाच्या वेळी दादर ज्वारी काढायला आली होती. आणि तो प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "मनी माय सांगस, आखाजीना दुसरा दिन व्हता." म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस. आयांना सगळं लख्ख आठवतं रे, फक्त ते कॅलेंडरच्या भाषेत नसतं. बहिणाबाईंचंच बघ. १८८० साली असोद्याला नागपंचमीच्या दिवशी जन्मल्या, हे आपण अजून सणानेच सांगतो.

नागपंचमीचं नाव निघालं आणि वर्गात वेगळंच सुरू झालं. एक पोरगा म्हणाला, मग तो नागाचाही वाढदिवस. दुसरा म्हणाला, पोळा बैलाचा. गाय-वासराची वसुबारस. आपल्याकडे जनावरांचे दिवस आधीपासून आहेत, मित्रा, आणि ते सगळं गाव पाळतं. बैलाला त्या दिवशी जू नाही, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, तोंडात पुरणपोळी. त्यापुढे तीन मजली केक काय!

फळ्यावर मी जनावरांची नावं लिहीत गेलो आणि पोरं त्यांचे दिवस सांगत गेली. बकरीपाशी गाडी अडली. मी म्हटलं, आपण तिला एक दिवस देऊ या. तर एक जण हळूच म्हणाला, "नको सर, दिवस ठरना की तिले कापतीन." वर्ग गप्प झाला. मी पुढे काही बोललो नाही, बकरीचं नाव पुसलंही नाही. ते फळ्यावर तसंच राहिलं.

मग आलं गाढव. त्याला सण नाही, यावर सगळ्यांचं एकमत. गोष्ट तिथे सुरू झाली. ती पोरांनीच रचली आहे, मी फक्त उतरवून घेतली.

पोळ्याचा दिवस. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात, त्यामुळे कुंभाराच्या गाढवीचं शिंगरू मोकळंच फिरतं. वेशीच्या कडेला उभं राहून ते सजलेले बैल बघतं आणि आईला विचारतं, "मना दिन कव्हय?" आईला सांगता येत नाही. मग ते एकेकाला विचारत सुटतं. नाग आपली पंचमी सांगतो, वासरू बारस सांगतं, खारीला काहीच ठाऊक नसतं. सुगरण म्हणते, विणून होऊ दे, मग बघते. दिवाळी जाते, थंडी जाते, भट्ट्या पेटतात, शिंगरू आईमागे विटांच्या खेपांना जायला लागतं. ही पानं मला जवळजवळ शब्दांवाचून हवी आहेत. नुसत्या खेपा दिसू देत.

चैत्र संपतो. आखाजी तोंडावर येते. पितरांची घागर भरायला प्रत्येक घराला नवी घागर लागते. ती येते कशावरून? गाढवीच्या पाठीवरून! दारोदार घागरी उतरवताना शिंगरू प्रत्येक उंबऱ्याशी थांबतं आणि घराघरातली जनावरं त्याला बघतात. सगळ्यांत आधी बैलाच्या लक्षात येतं: ह्याच्याशिवाय गावाची आखाजी होत नाही. झालं, दिवस ठरला.

मेजवानी नदीच्या पात्रात. केकच्या जागी वाळूतल्या वाडीचं खरबूज. फुग्यांच्या जागी सुगरणीचे गेल्या पावसाळ्यातले रिकामे खोपे, बाभळीला लटकलेले. झोका निंबाला, आखाजीचा झोका असतो तसाच. नाग आणि मुंगूस पंगतीच्या दोन टोकांना बसतील. ही अट मुलींनी घातली आहे.

आता चित्रांबद्दल. जनावरांना कपडे घालू नकोस. शिंगरू राखाडी, तोंडाशी आणि डोळ्यांभोवती पांढुरकं, आणि पाठीवरून-खांद्यावरून जाणारी ती काळसर फुली विसरू नकोस, पोरं आधी तीच शोधतील. वैशाखातली काळी जमीन भेगाळलेली हवी. इथे केळीच्या बागा काढू नकोस, त्या रावेर-यावलकडच्या. आमच्या शिवारात कापूस आणि दादर. जनावरं अहिराणीत बोलतील, बाकीचा मजकूर मराठीत. १६ पानांचे दोन फर्मे, म्हणजे ३२ पानं. घागरीचं पान उजवीकडे येऊ दे, म्हणजे उलटल्यावरच कळेल की कोणाच्या पाठीवर काय आहे. शेवटचं पान कोरं ठेव. तिथे ज्याचं पुस्तक त्यानं आईला विचारून लिहायचं.

छपाईच्या पैशांचं मी बघतो. तू त्यात पडू नकोस.

एक राहिलं. मागच्या आठवड्यात तुझ्या गावावरून जाताना मी तुझ्या आईला भेटलो. ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे दुखतात. त्यांनाही मी हाच प्रश्न विचारला. लगेच म्हणाल्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला. खांदमळणी चालली होती, बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळणं. "त्याना बापना हात हयदलोनीना व्हतात, तसाच पयत उना." तुला पहिल्यांदा उचललं ते त्याच हातांनी. तुझ्या दुपट्यावरचा तो पिवळा डाग पुढे कितीदा धुतला तरी गेला नाही म्हणे.

पोळा दीड महिन्यावर आहे. आदल्या दिवशी इकडे ये. पोरं तुझी वाट बघतील, आणि मीही.

तुझाच,
मित्र