लेसरजवळ माणूस कोण उभा करणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या एका नव्या सामाईक कार्यशाळेच्या उद्घाटनाची बातमी आपल्या अंकात छायाचित्रासह आली आहे. बातमीनं आनंद झाला, छायाचित्रानं झोप उडवली. लेसरच्या किरणानं शीट कापणाऱ्या मशीनमधून, म्हणजे लेसर कटरमधून, धूर उठतोय, झाकण सताड उघडं, प्रमुख पाहुणे आत वाकलेले आणि त्यांच्या कोपराखालून डोकावणारी शाळेची लेकरं. फायर एक्स्टिंग्विशर फोटोत कुठंही नाही. हारतुऱ्यांचं टेबल मात्र मशीनला खेटून.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर परभणीतल्या अशाच एका कार्यशाळेत ८० वॅटच्या कार्बन डायऑक्साइड लेसरची देखभाल बघतो. सन्मानचिन्हं करणारे, नेमप्लेटवाले, लग्नपत्रिकेवाले, इंजिनिअरिंगची पोरं, सगळे तासाप्रमाणे पैसे भरून ती एकच मशीन वापरतात. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून अशीच सामाईक कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब आहे. आपल्याकडे ती आता पोचतेय, पोचू द्या. पण मशीन आणण्यासाठी जेवढी धावपळ होते, तेवढी मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या माणसासाठी होताना मला दिसत नाही. हे पत्र त्या माणसाबद्दल आहे.

आधी झाकणाचं बोलतो. या लेसरचा किरण १०.६ मायक्रोमीटरचा, म्हणजे अवरक्त. तो डोळ्यांना दिसतच नाही. शीटवर जो लाल ठिपका फिरतो, तो जागा दाखवायला बसवलेला वेगळा दिवा. पोरं त्यालाच लेसर समजतात. खरा किरण परावर्तित होऊन डोळ्यात गेला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. मशीनच्या झाकणाचं ॲक्रिलिक हा किरण शोषून घेतं, म्हणून झाकण लावून आतलं काम खुशाल बघा. पण हल्ली स्वस्तातले निळे डायोड लेसर आले आहेत, धातूवर अक्षरं कोरणारे फायबर लेसर आले आहेत. त्यांचे किरण त्याच ॲक्रिलिकमधून आरपार जातात. फायबरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण तर थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जाऊन बसतो, आणि तिथं दुखतही नाही. तेव्हा गॉगलवर कोणत्या तरंगलांबीसाठी आहे ते छापलेलं नसेल, तर तो उन्हात घालायला ठेवा.

झाकण उघडलं की किरण बंद पडावा म्हणून तिथं एक स्विच असतो. आमच्या मशीनलाही होता. ती बसवायला आलेल्या कारागिरानंच ‘सेटिंगला सोपं जातं’ म्हणत त्या स्विचवर लोहचुंबक चिकटवून ठेवलं. सेटिंग झालं, कारागीर गेला, चुंबक तिथंच. मी काढलं की कुणीतरी पुन्हा लावायचं, कारण झाकण उघडं ठेवून काम चालवलं की तुकडे पटापट उचलता येतात. शेवटी ते घरी आणून फ्रिजवर लावलं.

दुसरी गोष्ट मालाची. बहुतेक भांडणं इथंच होतात. रेक्झिन, फ्लेक्स, विनाइल, सनबोर्ड यांत पीव्हीसी असतं. पीव्हीसीवर लेसर पडला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. छातीत जातो तो वेगळाच. मशीनच्या रेल्स, बेअरिंग, स्क्रू गंजून लाल होतात. स्वतःच्या मालकीची मशीन असती तर माणूस एकदा नुकसान सोसून शिकला असता. सामाईक कार्यशाळेत एकानं रेक्झिनची डायरी कापायची आणि गंज पुढच्यानं भोगायचा, असा न्याय चालतो.

गिऱ्हाईक काही मुद्दाम खोटं बोलत नाही. दुकानदारानं सांगितलं ते तो सांगतो. मध्यंतरी एक पोरगा पांढरी शीट घेऊन आला. म्हणाला, “सर, ॲक्रिलिकच आहे, दुकानातूनच आणलंय की.” मी त्याला मागच्या अंगणात नेलं. जुन्या वायरचा तांब्याचा जाड तुकडा पकडीत धरला आणि गॅसच्या ज्योतीत तापवला. ज्योतीचा रंग साधा होईपर्यंत थांबलो, मग ती लाल तार शीटच्या कोपऱ्याला टेकवली. चर्र झालं, थोडं प्लास्टिक तारेला चिकटलं. तार पुन्हा ज्योतीत धरली तर ज्योत हिरवीगार. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, म्हणजे लेसरखाली घालायचं नाही. ही परीक्षा उघड्यावरच करायची आणि धुरापासून तोंड बाजूला ठेवायचं. पोरानं शीट उचलली आणि दुकानदाराशी भांडायला गेला. त्यात मी पडलो नाही. तेव्हापासून आमच्याकडे शीटवर कंपनीचा कागद चिकटलेला नसेल तर आधी तार, मग लेसर. पॉलिकार्बोनेटचं वेगळं आहे. ते ॲक्रिलिकसारखंच दिसतं, क्लोरीन नसल्यामुळे तारेला सापडत नाही, पण कापताना पिवळं-काळं पडून जळतं. तिथं हाताळून ओळखणारा माणूसच लागतो.

ॲक्रिलिक आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) चालतात, पण तेही पेटतात. ॲक्रिलिकची वाफ ज्वालाग्राही असते. म्हणून कापताना नोझलमधून हवेचा झोत हवाच. हा झोत देणारा कंप्रेसर बंद आणि लेसर चालू, अशी स्थिती काही सेकंदसुद्धा नको. खालच्या जाळीतून पडलेले बारके तुकडे ट्रेमध्ये साठतात आणि एखाद्या ठिणगीनं तेच आधी पेट घेतात. ट्रे रोज झाडायचं काम कुणाच्याच वाट्याचं नसतं, म्हणून ते होत नाही.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे गणपतीच्या मखरांची गर्दी वाढली. एमडीएफची जाळीदार कमान, पुठ्ठ्याचे खांब. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मशीन रात्रभर चालते, आणि रात्री दोनला माणूस “दोन मिनिटांत चहा घेऊन येतो” म्हणून निघतो. आगीला दोन मिनिटं पुष्कळ झाली. आमचा एकच नियम असा आहे ज्यावर चर्चा नाही: मशीन चालू असेपर्यंत हात मशीन तत्काळ बंद करणाऱ्या लाल बटणापर्यंत पोचेल एवढ्या अंतरावर माणूस हवा. चहा तिथं आणून देऊ. ज्योत दिसली की आधी लाल बटण, मग हवेचा झोत आणि धूर बाहेर ओढणारा एक्झॉस्ट बंद आहेत ना ते बघायचं, कारण झोत आगीला हवा देतो आणि ब्लोअर तिला पाइपात ओढतो. ज्योत बारकी असेल तर ओल्या सुती फडक्यानं दाबायची. नाही आटोपली तर झाकण लावून कार्बन डायऑक्साइडचा एक्स्टिंग्विशर. पावडरचा मारला तर आगही विझते आणि मशीनही. पावडर लेन्समध्ये, आरशांवर, पट्ट्यात जाऊन बसते. अर्थात मशीन गेली तरी चालेल, खोली पेटायला नको. दुसरं काही हाताशी नसेल तर पावडर मारा आणि बाहेर पडा.

एक्झॉस्टचं एक सांगतो. आमचा पाइप पहिल्यांदा खिडकीतून गल्लीत सोडला होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, त्यांना ॲक्रिलिकचा वास लागला. काकू भांडायला आल्या आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. जो वास कुरडईला लागतो तो छातीत जात नाही का? पाइप छताच्या वर नेला, वळणं कमी केली. ब्लोअर ओढतोय की नाही हे बघायला अगरबत्ती पुरते: झाकणाच्या फटीजवळ धरली की धूर आत जायला हवा. बाहेर येत असेल तर त्या दिवशी काम नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो, विजेकडे. लेसरचा किरण जिच्यात तयार होतो ती नळी पेटवायला वीसेक हजार व्होल्ट लागतात. मशीन बंद केल्यावरही आत काही काळ भार शिल्लक राहतो, म्हणून मागचं कव्हर कुणी उघडायचं नाही. या मशीनला अर्थिंग चोख लागतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यासोबत मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डाही वाळतो, आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात नावापुरती उरते. जानेवारी उलटली की खड्ड्यात नियमानं पाणी ओतायचं आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यायची. काम बादलीभर पाण्याचं आहे, पण कुणाचं तरी असायला हवं.

लाईट गेली की ब्लोअर आणि नळीत गार पाणी फिरवणारा चिलर दोन्ही थांबतात. एका सभासदानं सुचवलं होतं की लेसर इन्व्हर्टरवर टाकू, काम अर्धवट राहणार नाही. म्हणजे धूर ओढणारं बंद, नळी थंड करणारं बंद आणि कापणारं चालू! तिन्ही एकाच लाइनवर हवीत, एकदम बंद पडणारी. लाईट गेल्यावर झाकण उघडून कडा धुमसत नाहीत ना ते बघितल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

चिलरमध्ये तर खरेदी करणारेच फसतात. नुसत्या पंख्यावर चालणारा स्वस्त चिलर खोलीच्या तापमानाखाली पाणी नेऊच शकत नाही. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना नळीत कोमट पाणी फिरतं. नळीला साधारण २० ते २५ अंशांचं हवं असतं. मग चिलरचा अलार्म वाजतो आणि कंटाळून कुणीतरी त्याची वायर जोडून टाकतं, म्हणजे पाणी नसतानाही लेसर चालतो. आपल्या भागात फ्रिजसारख्या, कंप्रेसरवाल्या चिलरला पर्याय नाही. पावसाळ्यात पाणी फार गार केलं तर नळीवर दव धरतं आणि उच्च दाबाच्या टोकाला ठिणग्या पडतात, हेही चिलरवाला सांगत नाही.

माझं मागणं साधं आहे. निधी देणाऱ्यांनी, मग तो जिल्हा नियोजनाचा असो, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा असो की शाळेचा, मशीनच्या यादीतच एक्झॉस्टचा पाइप, कंप्रेसरवाला चिलर, अर्थिंग आणि योग्य एक्स्टिंग्विशर धरावेत. आणि मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या एका माणसाचं मानधन. शाळांसाठीच्या सरकारी अटल टिंकरिंग लॅबच्या २० लाखांत १० लाख उभारणीला आणि १० लाख चालवण्याला, अशी वाटणी तरी होती. सामाईक कार्यशाळांच्या कागदावर मला चालवण्याचा रकाना सहसा रिकामाच दिसतो. मग मशीन आयुष्यभर स्वयंसेवकांच्या भरवशावर. मी स्वतः स्वयंसेवक आहे, म्हणून बोलायचा हक्क आहे: स्वयंसेवक लग्नाला जातो, आजारी पडतो, रात्री दोनला झोपतो.

उद्घाटनाच्या फोटोतल्या कार्यशाळेला माझ्या मदतीचा राग येणार नसेल तर अर्थिंग तपासायला मी येईन. मानधन नको, बसभाडं माझं मी बघेन. फक्त मी यायच्या आत झाकणाच्या स्विचवर काही चिकटवलंय का, ते पाहून ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री), परभणी